न तुटणारा पट्टा

शाळेच्या फाटकापासून शंभर पावलांवर, रस्ता वळतो तिथे, दोन टपऱ्या एकमेकींना खांदा लावून उभ्या होत्या. एक बूट-चपला दुरुस्त करणाऱ्या जोडेवाल्याची आणि दुसरी टाकेआजीची. टाकेआजीचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. तिचे टाके मात्र सगळ्यांना ठाऊक होते. चाळीस वर्षं ती त्याच पायमशीनवर बसली होती. आधी ताडपत्र्या, गाद्यांच्या खोळी, सायकलींच्या सीटा शिवल्या. गेली बारा-तेरा वर्षं तिच्या हाताखालून जवळजवळ एकच वस्तू जात होती, शाळेचं दप्तर.

दप्तर फाटतं ते नेहमी एकाच जागी. खांद्याचा पट्टा वरच्या बाजूला पाठीच्या कापडाला जोडलेला असतो, तिथे. कारखान्यातली टीप आठ-दहा महिने तग धरते. मग एक धागा सुटतो, त्याच्या शेजारचा सुटतो, आणि एके दिवशी पट्टाच हातात येतो. टाकेआजीने यावर एक युक्ती काढली होती. मोडीत निघालेल्या गाड्यांचे सीटबेल्ट ती आणून ठेवायची, त्यातली वीतभर पट्टी दप्तराच्या आतून लावायची, आणि मेण लावलेल्या जाड लाल दोऱ्याने चौकोन काढून त्यात फुली मारायची. लाल दोरा एवढ्यासाठी, की काम कुणाचं ते लांबून कळावं. वर दहा वर्षांची हमी.

"दहा वर्षं?" एखादी नवीन आई विचारायची. "अहो, तोवर हा कॉलेजात जाईल."

"मग धाकट्याला द्या," टाकेआजी सुईत दोरा ओवत म्हणायची. "पोर मोडेल, पट्टा तुटायचा नाही."

आई हसायची. शेजारी बुटाला टाच ठोकत बसलेला जोडेवालाही दरवेळी हसायचा, जणू पहिल्यांदाच ऐकतोय. "तुमचे टाके आणि माझे खिळे," तो म्हणायचा, "दोघांच्या जिवावर शाळा चालली आहे, आजी. हेडबाईंनी आपला फोटो लावायला हवा."

त्या शाळेत एक पद्धत होती. चौथीपासून पुढे प्रत्येक विषयाचं पुस्तक, वर्गाची वही, घरची वही आणि स्वाध्यायाची वही, अशी सगळी रोज आणायची. वेळापत्रकात तो विषय असो वा नसो. बाई कधीही काहीही मागतील. जे मूल सत्रभर एकही वस्तू विसरणार नाही त्याला सत्राच्या शेवटी सगळ्यांसमोर एक निळा बिल्ला मिळायचा. त्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'पूर्ण दप्तर'. विसरणाऱ्याला वर्गाबाहेर उभं राहावं लागायचं आणि रोजनिशीत शेरा यायचा. पण शेऱ्यापेक्षाही मुलं भ्यायची ती बिल्ला हुकण्याला. ज्या घरात बिल्ला आला त्या घराची मान वर असायची.

टाकेआजीच्या घरात असे दोन बिल्ले आले होते.

ते आणले होते तिच्या नातीने. नात दहा वर्षांची, आणि तिला घरात सगळे भिंगरी म्हणत. चालायला लागल्यापासून ती सरळ अशी कधी चाललीच नव्हती. दोन पावलं टाकली की गिरकी, चार पायऱ्या उतरल्या की उडी. दूध आणायला पाठवली तर पिशवी गोल फिरवत जायची आणि आजी गॅलरीतून ओरडायची, "अगं, दुधाचं ताक करून आणशील." नाव तिथूनच पडलं.

दप्तर भरायचं काम सुनेचं. सून चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर बारीक स्क्रू आणि काचा हाताळून तिच्या हाताला नेमकेपणाची सवय लागली होती. संध्याकाळी दुकानातून आली की ती हात धुऊन जेवणाच्या टेबलावर एकेक वही मांडायची, यादीशी ताडून पाहायची आणि उंचीप्रमाणे दप्तरात लावायची. शेवटी पाण्याची बाटली, डबा, रंगांची पेटी. मग गुडघा दप्तरावर दाबून चेन ओढायची.

"झालं. आता कुणी म्हणून दाखवावं, हिने अमुक आणलं नाही."

"आई, उद्या भूगोल नाहीये," भिंगरी म्हणायची.

"बाईंनी मागितलं तर?"

"मागत नाहीत."

"ज्या दिवशी तू नेणार नाहीस त्याच दिवशी मागतील बघ."

एकदा टाकेआजीजवळ येऊन भिंगरी म्हणाली, "आजी, इथे दुखतं गं," आणि मानेच्या मुळाशी बोट ठेवलं.

टाकेआजीने तिथे तेल चोळून दिलं. चोळताना तिला आपली शाळा आठवली. एक पाटी, तिला बांधलेली ओली चिंधी, आणि आईने जुन्या परकराची शिवलेली पिशवी. पिशवी इतकी हलकी, की वाटेत झाडाच्या फांदीला अडकवून खेळायला जावं आणि विसरून घरी यावं. दोनदा ती तशी विसरली होती. हे सगळं तिला लख्ख आठवलं, पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

"आम्ही तुझ्या वयाच्या होतो तेव्हा लांबून पाणी भरून आणायचो. एक घागर डोक्यावर, एक कमरेवर."

"रोज?"

"रोज."

"आणि आमच्या शाळेसारखे वर तीन जिने चढायचे?"

टाकेआजी हसली. "वकील होणार ही," ती सुनेला म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने दप्तराच्या पट्ट्याखाली स्पंजची जाड गादी शिवून दिली. आपण पोरीचं ऐकलं, याचं तिला समाधान वाटलं.

हिवाळा सुरू होण्याच्या सुमारास एका दुपारी शाळा सुटल्यावर भिंगरी टपरीवर आली ती दप्तर दोन्ही हातांनी पोटाशी धरून. डावा पट्टा लोंबत होता.

"तुटला," ती म्हणाली.

टाकेआजी चकित झाली. तिच्या हातचा पट्टा आजवर तुटला नव्हता. तिने चष्मा चढवला, दप्तर मांडीवर घेतलं आणि उसवलेली जागा उजेडाकडे धरली. ज्याने आयुष्यभर दोरा हाताळला त्याला दोरा सगळं सांगतो. ताणाने तुटलेल्या धाग्याचं टोक केसाळ असतं, लांबलेलं, शेवटपर्यंत धरून ठेवू पाहणारं. इथे एकेक लाल टोक सरळ होतं. कात्रीचं काम. लहान, बोथट, हस्तकलेच्या तासाची कात्री. आणि एका दिवसाचंही नाही. काही टोकं मळलेली होती, काही ताजी. पोरीने तीन-चार दिवस, रोज थोडं थोडं, कापत आणलं होतं.

टाकेआजीने चष्म्यावरून नातीकडे पाहिलं. भिंगरीने नजर जोडेवाल्याच्या खिळ्यांच्या डब्याकडे वळवली.

"आजी, लगेच नको ना शिवूस. उद्या राहू दे."

"मग उद्या नेशील कशात?"

"हातात नेईन. दोनच वह्या."

"आणि बिल्ला? सत्र संपायला तीन आठवडे राहिलेत."

भिंगरीचे कान लाल झाले होते.

"उंदीर फार झालेले दिसतात शाळेत," टाकेआजी मुद्दाम जोडेवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "लाल दोरा आवडतो त्यांना."

"मेणाची चव लागली असेल," जोडेवाला म्हणाला.

दोघंही हसली. मग टाकेआजीने नातीच्या कानाशी तोंड नेऊन हळूच सांगितलं, "आईला नाही हो सांगत." आपण किती समजूतदार, असं तिला मनातल्या मनात वाटलं. दहा मिनिटांत तिने पट्टा शिवला. या वेळी आतून सीटबेल्टच्या दोन पट्ट्या लावल्या, आणि मेणाच्या दोऱ्याऐवजी लाल नायलॉनचा दोरा घेतला, ज्याला पोरांची कात्री दाद देत नाही.

"घे. आता बघू तुझा उंदीर काय करतो ते."

भिंगरीने दप्तर पाठीवर घेतलं, दोन्ही अंगठे पट्ट्यांत अडकवले आणि घराकडे निघाली. तिने मागे वळून पाहिलं नाही. टाकेआजीने पुढचं दप्तर मांडीवर ओढलं.

तिसरा बिल्ला मिळाला. सुनेने तो गणवेशावर आधीच्या दोन बिल्ल्यांशेजारी लावायला सासूकडे दिला आणि टाकेआजीने बारीक टाके घालून लावून दिला.

त्यानंतरच्या सुट्टीतली गोष्ट. सकाळची वेळ, ऊन छान पडलेलं. टाकेआजी दुधाच्या दुकानाकडे निघाली होती. भिंगरी आधीच पुढे गेली होती, हातात फक्त कापडी पिशवी. रस्त्यावर फारसं कुणी नव्हतं. टाकेआजी चष्मा घरीच विसरली होती, त्यामुळे लांबचं धूसर दिसत होतं. पुढे पन्नासेक पावलांवर कुणीतरी बुटकी बाई चाललेली तिला दिसली. मान पुढे काढलेली, पाठ कमरेतून झुकलेली, एक खांदा खाली. पावलं लहान, जमिनीवरून घासत नेल्यासारखी. माझ्याच वयाची दिसते बिचारी, टाकेआजीच्या मनात आलं. हिला बरोबर घेऊन जावं, बोलत बोलत.

ती भरभर चालून जवळ गेली. बाईच्या दोन वेण्या होत्या.

टाकेआजी रस्त्याच्या मधेच थांबली. भिंगरीच्या पाठीवर काहीही नव्हतं. पिशवी एका मनगटात लोंबत होती, आणि दोन्ही हात कोपरांत वाकून वर गेले होते. दोन्ही अंगठे बगलेच्या वर, फ्रॉकच्या कापडावर टेकलेले होते. जे पट्टे तिथे नव्हते, ते तिने धरले होते.

"भिंगरे."

"काय गं?"

"सरळ चाल की."

भिंगरीने आपल्या पायांकडे पाहिलं, मग आजीकडे. तिला खरंच प्रश्न पडला होता. "सरळच तर चालतेय."

"हात खाली सोड."

तिने हात खाली सोडले. दहा पावलांनी ते पुन्हा वर गेले. टाकेआजी दुधाच्या दुकानापर्यंत तिच्या मागून चालत राहिली. नातीने शेवटची गिरकी कधी घेतली होती, ते ती आठवत होती, आणि ते तिला आठवत नव्हतं. पासष्ट वर्षांपूर्वीची पाटीची चिंधी आठवणारी बाई ती, पण हे तिच्या डोळ्यांदेखत घडलं होतं आणि तिने टिपलं नव्हतं.

त्याच दिवशी तिने भिंगरीचे शाळेचे बूट जोडेवाल्यासमोर ठेवले. "हे कसे झिजलेत, सांग."

त्याने एकेक बूट उलटा करून पाहिला. हसणं-बिसणं काही केलं नाही. "चवड्याकडचा तळवा संपला आहे, आजी. टाच बघा, जवळजवळ नवी. पोरगी पुढे तोल टाकून चालते. आणि डावा आतून जास्त गेलाय."

"तुला कधी दिसलं हे?"

"दिसतं की. हिचे एकटीचे नाहीत. शाळेतले निम्मे बूट असेच येतात." त्याने बूट बाजूला ठेवला. "मी पुढे जाड तळवा लावून देतो. टिकतात मग."

टाकेआजीने त्याच्याकडे पाहिलं. तोही तिच्याचसारखा, आपलं काम चोख करणारा माणूस होता.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा भिंतीला, पाठ भिंतीला, आता डोकं लाव. डोकं भिंतीला लागेना. मधे तीन बोटं सहज जात होती. मग तिला पुढे वाकवलं, पाठीवरून बोट फिरवलं, खांद्यांची उंची पाहिली, खोलीत इकडून तिकडे चालवलं. सून हातात पर्स घट्ट धरून बसली होती.

"दप्तरानेच हे सगळं झालं, असं मी लिहून देणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाठ अनेक कारणांनी वाकते. पण वाढत्या अंगावर रोज एवढं ओझं घालून आपण तिला सरळ व्हायची संधी दिलेली नाही, एवढं नक्की. ती चालायची पद्धतच बदलून बसली आहे. व्यायाम देते. ओझं आजपासून बंद. किती भरून येईल ते दोन वर्षांनी कळेल."

"म्हणजे पूर्ण बरं..." सुनेने वाक्य अर्धवट सोडलं.

"दोन वर्षांनी बोलू."

त्या संध्याकाळी टाकेआजीचा मुलगा घरी आला. तो मालाच्या गोदामात मुकादम होता. हमालांनी काय उचलायचं, किती, कुठून कुठवर, हे त्याच्या हाताखाली. आईने त्याला काही सांगितलं नाही, नुसतं म्हणाली, "उद्या येताना तुमच्याकडचा लटकता काटा घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी त्याने काटा दाराच्या वरच्या खिळ्याला अडकवला आणि दप्तर आकड्यात घातलं. सुट्टीपूर्वी सुनेने भरून ठेवलेलं तसंच होतं. काटा डुलला, थांबला. नऊ किलो तीनशे ग्रॅम. दवाखान्यात भिंगरीचं वजन भरलं होतं सत्तावीस किलो.

मुकादम काट्याकडे पाहत उभा राहिला. गोदामाच्या भिंतीवर त्यानेच रंगवून घेतलेली पाटी होती, 'पंचवीस किलोवरचे खोके एकट्याने उचलू नये.' मागच्याच महिन्यात एका नव्या माणसाच्या पाठीवर कुणीतरी तीस किलो चढवले म्हणून त्याने चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली होती. आणि ते खोकं न्यायचं होतं कुठवर, तर गाडीपासून ढकलगाडीपर्यंत, वीस पावलं.

"माझा हमाल पंचाहत्तर किलोचा असतो," तो हळू म्हणाला. "त्याच्या अंगाच्या मानाने हे पंचवीस किलोंवर गेलं. एवढ्याला मी त्याला थांबवतो." त्याने दप्तर आकड्यातून काढलं. काढताना त्याचा हात जरासा खाली गेला. "मी हे कधी उचलूनच बघितलं नाही, आई. रोज दारात बघतो, 'नीट जा' म्हणतो, आणि चहा पितो."

सून टेबलाशी बसली होती. एकेक पुस्तक ती बाहेर काढून रचत होती, पण या वेळी उंचीप्रमाणे नाही. "मला वाटायचं," ती कुणाकडेही न बघता म्हणाली, "जड आहे म्हणजे शिकवतात भरपूर."

आतल्या खोलीत भिंगरी भिंतीला डोकं लावायचा प्रयत्न करत होती. थोड्या वेळाने तिचा आवाज आला, "आई, मग चौथा बिल्ला नाही का मिळणार?"

त्या प्रश्नाने तिघांच्याही माना खाली गेल्या. पोरीला बिल्ला हवा होता, कारण तो आपल्यालाच हवा होता, हे तिथे प्रत्येकाला कळलं.

शाळा उघडल्यावर पहिल्याच शनिवारी पालकसभा होती. टाकेआजी अशा सभांना कधी जात नसे. त्या दिवशी ती मुलगा-सुनेबरोबर तीन जिने चढून गेली. दुसऱ्या जिन्यावर ती कठडा धरून थांबली, तेव्हा एक मुलगी दप्तरासकट तिला वळसा घालून वर गेली. तिची मान खाली होती.

वर्गात पालक मुलांच्या शेजारी दाटीवाटीने बसले होते. टाकेआजीला जागा मिळाली सर्वांत मागे, भिंतीला लागून. त्या भिंतीवर खुंट्यांची रांग होती आणि खुंट्यांना मुलांची दप्तरं. बसताना तिने मान वळवली आणि तिच्या डोळ्यांसमोर, अगदी हातभर अंतरावर, लाल फुली आली. तिच्या शेजारी दुसरी. पलीकडे तिसरी. निळ्या दप्तरावर, काळ्या दप्तरावर, कार्टूनच्या चित्रांवर, खांद्यापाशी, दोन्हीकडे, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक चौकोन नीट, प्रत्येक फुली सारखी. एकही टाका उसवलेला नव्हता.

मुख्याध्यापिका बाई बोलत होत्या. सभेत मुकादमाने वजनाचा विषय काढला तेव्हा त्या रागावल्या नाहीत. उलट थकल्यासारख्या हसल्या.

"दोन वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं. वेळापत्रकाप्रमाणेच वह्या आणा, अशी सूचना काढली. आठवड्यात अकरा पालक तक्रार घेऊन आले, की शाळा ढिली पडली. मुलं मोकळ्या हातांनी शाळेत येतात. मी सूचना मागे घेतली."

सून आपल्या बोटांकडे पाहू लागली. त्या अकरांत ती होती.

"मुलांना सवय होते हो," पुढच्या बाकावरचा एक बाप म्हणाला. "आणि पट्टा तुटायची भीती असेल तर इथे आजी बसल्याच आहेत. काय आजी? दहा वर्षांची हमी." त्याने वळून आजीकडे पाहिलं आणि बाकीच्यांना ऐकवलं, "पोर मोडेल, पट्टा तुटायचा नाही."

वर्ग हसला. मोठी माणसं हसली म्हणून मुलंही हसली.

टाकेआजी उठली. तिला अशा ठिकाणी बोलायची सवय नव्हती, आणि हात कुठे ठेवावे ते कळत नव्हतं. शेवटी तिने शेजारच्या दप्तराचा पट्टा धरला.

"ते वाक्य माझंच आहे," ती म्हणाली. "बारा वर्षं मी ते बोलते आहे. त्यावर हसून हसून तुम्ही दप्तरं माझ्याकडे आणलीत."

वर्ग अजून हसण्याच्या तयारीत होता.

"शिवण उगाच उसवत नाही. कापड सांगत असतं, आता पुरे. ताडपत्री फाटून आली की मी विचारायची, काय झाकता, किती भरता. सायकलची सीट फाटली तरी विचारायची, मागे कोण बसतं. दप्तर आलं की मात्र कधी विचारलं नाही आत काय आहे. दप्तर बोलत होतं, मी त्याचं तोंड शिवत होते. ही सगळी तोंडं मी शिवली आहेत." तिने मागच्या खुंट्यांकडे हात केला आणि पहिल्यांदाच सगळ्यांनी वळून त्या लाल फुल्या पाहिल्या.

"आणि आणखी एक," ती म्हणाली. आता तिचा आवाज बारीक झाला. ती नातीकडे पाहत होती. "माझ्या नातीने एकदा पट्टा कात्रीने कापला. तीन-चार दिवस खपून. तिला दुसरं काही सुचलं नसेल, कारण सांगून बघितलं तर मी तिला माझ्या घागरी ऐकवल्या होत्या. मला कापलेला दोरा कळतो. मला कळलं होतं. मी उंदराचा विनोद केला आणि कात्रीने कापता येणार नाही असा दोरा घातला. एका पोरीने मदत मागितली होती, आणि मी..."

तिने हातातला पट्टा सोडला.

सून नवऱ्याकडे बघत राहिली. तिला हे आजच कळत होतं. भिंगरीने दोन्ही तळहात बाकावर पालथे ठेवले होते. मग दुसऱ्या रांगेतून एक मुलगी, कुणी विचारलेलं नसताना, आपल्या आईला म्हणाली, "माझा पण कापलेलाच होता. आपोआप नव्हता तुटला." तिच्या आईने तिच्याकडे पाहिलं, मग खुंटीवरच्या दप्तराकडे, आणि मग खाली. आता त्या वर्गात कुणीच कुणाकडे पाहत नव्हतं.

टाकेआजी बाकांमधून वाट काढत भिंगरीपाशी गेली. कमरेच्या बटव्यातून तिने टाके उसवायची छोटी पाती काढली. "हे मीच लावलेत," ती तिन्ही निळ्या बिल्ल्यांकडे बोट दाखवत म्हणाली. "काढू का? तू म्हणशील तर."

भिंगरीने तिन्ही बिल्ल्यांवरून बोट फिरवलं. बिल्ले तिने खरोखर मिळवले होते. शेवटी ती म्हणाली, "मी काढते. तू दुसरं काढ."

"काय?"

"नायलॉन."

टाकेआजीने नातीचं दप्तर खुंटीवरून उतरवलं आणि सगळ्यांदेखत जमिनीवर बसून तो दोरा कापायला लागली. तो लवकर कापला जात नव्हता. तो कापला जाऊच नये म्हणून तिने घातला होता. तिचं होईपर्यंत कुणी उठलं नाही.

त्या सभेने शाळा बदलली असं सांगितलं तर ते खोटं होईल. बिल्ला बंद झाला. वर्गात एक कपाट आलं, त्यात निम्मी पुस्तकं मावतात. वेळापत्रकाची सूचना पुन्हा निघाली, आणि या वेळी तक्रार घेऊन सातच पालक गेले. मुकादमाचा काटा आता टाकेआजीच्या टपरीवर लटकतो. पट्टा तुटलेलं दप्तर आलं की ती आधी ते भरल्या वजनाने काट्याला लावते आणि मुलालाच विचारते, "तुला किती पेलतं?" काही आया यावर हसतात, काही रागावतात. "तुम्हाला शिवायचं आहे की शिकवायचं आहे?" असं एकीने विचारलं आणि दप्तर उचलून गेली. दोन गल्ल्या सोडून एका तरुण शिंप्याने सीटबेल्टची युक्ती उचलली आहे. तो लाल दोरासुद्धा वापरतो. जोडेवाला म्हणतो, त्याचं चांगलं चाललं आहे.

ज्यांना आपले जुने पट्टे उसवून हवेत त्यांनी आणावेत, असं टाकेआजीने सांगितलं होतं. चारजण आले.

भिंगरी रोज संध्याकाळी भिंतीला पाठ लावून उभी राहते. आधी तीन बोटं जायची, आता दोन जातात. तिच्या आजीने तिला जुन्या पडद्याच्या कापडाची पिशवी शिवून दिली आहे. तिच्यात दोन वह्या मावतात आणि तिसरी घातली तर शिवण ताणून आवाज करते. त्या शिवणीला आतून काहीही लावलेलं नाही. पोरगी ती पिशवी हातात धरून जाते, पण कधीकधी, लक्ष नसताना, तिचे दोन्ही अंगठे अजून वर जातात.

सकाळी शाळा भरायच्या वेळी टाकेआजी मशीनवर बसत नाही. ती टपरीच्या पायरीवर उभी असते. मुलं समोरून जातात, माना पुढे, पाठी वाकलेल्या, पावलं घासत. आणि मुलं पुढे गेली, की त्यांच्या खांद्यांवर लाल फुल्या दिसतात, एकामागून एक, वळणापर्यंत. त्या अजून बरीच वर्षं तशाच राहतील. तशी हमी तिनेच दिली होती.